मानद मदतनीस

माझ्या नातीला बोलता येत नाही, आणि तिचे हातही तिचं ऐकत नाहीत. नाक खाजवायला निघालेलं बोट कानामागे जातं. डोकं मात्र लख्ख आहे. घरात कोण कोणावर रुसलंय हे तिला माझ्याआधी कळतं. दिवसभर तोंडाने किलबिल चालू असते, म्हणून मी तिला साळुंकी म्हणते.

तिच्या चाकांच्या खुर्चीला पुढे एक फळी बसवली आहे. त्या फळीवर आकडे, अक्षरं आणि काही चित्रं आहेत. पाणी, भूक, शू, हो, नाही. काही सांगायचं असलं की ती बोट फळीवर न्यायला लागते. हात वाटेत भरकटतो, परत येतो, पुन्हा भरकटतो. जो थांबतो त्याला उत्तर मिळतं. शाळेत थांबायला कोणाला वेळ नव्हता.

दुसरी इयत्ता संपली तेव्हा मुख्याध्यापिकांनी माझ्या मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्या गोड बोलून म्हणाल्या, "तिच्या भल्यासाठीच सांगते. घरी शिकली तर जास्त खुलेल."

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. कुठलीही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने शोधून काढलं की अशा मुलांसाठी शाळेने शिकलेली विशेष शिक्षिका ठेवलीच पाहिजे, तसा कायदा आहे. तो शाळेत गेला. शाळा म्हणाली, पैसे नाहीत. तो वरच्या कचेरीत गेला. कचेरी म्हणाली, शाळेशी बोला. तो पुन्हा शाळेत गेला, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "आता आमचे वकीलच तुमच्याशी बोलतील." शिक्षिकेला पैसे नव्हते. वकिलाला होते.

मग आम्हालाही वकील बघावा लागला. सरकारकडून फुकट वकील मिळतो म्हणून एका खिडकीवर गेलो. तिथल्या माणसाने मुलाचा पगार विचारला, सुनेचं विचारलं. सून घरात पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देते. कमरेत आत घेणं, सैल करणं, चेन बदलणं. त्या माणसाने दोघांची कमाई एकत्र केली आणि म्हणाला, "तुम्ही थोडेसे वर जाता."

"कशाच्या वर?" सुनेने विचारलं.

"गरिबीच्या."

घरी येताना ती जिन्यात थांबून हसायला लागली. "ऐकलंत आई? आपण वर गेलो!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पदराने तोंड पुसून ती कामाला बसली.

वकीलबाई मिळाल्या त्या चांगल्या होत्या. तरुण, फटकळ, खोलीत फायलींचे ढीग, आणि त्या ढिगांमध्ये स्वतःचा डबा कुठे ठेवलाय हे त्यांना कधी आठवायचं नाही. त्यांनी अशा तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळापुढे शाळेविरुद्ध तक्रार घातली. त्यांची फी तारखेवर होती. सुनावणी झाली तरी फी, नुसती पुढची तारीख पडली तरी फी. शाळेच्या वकिलाला हे पक्कं ठाऊक होतं. एकदा तो आजारी पडला. एकदा त्याला कागद मिळाले नव्हते. एकदा त्याला शाळेच्या डॉक्टरकडून साळुंकीची तपासणी करून हवी होती. माझ्या नातीला अपंगत्व आहे, हे आम्ही आधीच एका मोठ्या तज्ज्ञाकडून पैसे मोजून सिद्ध केलं होतं. आता शाळेला ते दुसऱ्याकडून ऐकायचं होतं. ती खुर्चीत समोर बसलेली असताना!

"लग्नाच्या वरातीसारखं आहे," मुलगा म्हणायचा. "चालायचं कोणाला नाही. बँडवाल्याला मात्र तासाचे द्यायचे."

सुनेने ओव्हरलॉकचं मशीन विकलं. कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून जी शिलाई घालतात ती त्या मशीनवर होते. मशीन गेल्यावर ती कडा हाताने घालायला लागली. गिऱ्हाईक कमी झालं. पुढची खोली रिकामी दिसायला लागली. वकीलबाई म्हणायच्या, "धीर धरा. आपल्या बाजूने हुकूम झाला की खर्च शाळेकडून मागता येतो. पण हुकूम व्हायला हवा." त्या एका हुकमावर आमचं घर टेकलेलं होतं. साळुंकीला शिक्षिका त्यातून मिळणार होती, आणि गेलेलं मशीनही त्यातूनच परत यायचं होतं.

मधल्या काळात पोरीचं काय? शाळा उघडली तशा मोठ्या बाई पुन्हा गोड झाल्या. "निकाल लागेपर्यंत तिचं नुकसान नको. घरचं कोणी तिच्याजवळ बसणार असेल तर आमची हरकत नाही."

घरचं कोणी म्हणजे मीच. मी सगळा जन्म इस्पितळाच्या कपडेघरात चादरी धुण्यात, वाळवण्यात आणि घड्या घालण्यात काढला. आता हात रिकामे होते. नातीशेजारी बसायला कोण आजी नाही म्हणेल?

मी रोज जायला लागले. तिची लाळ पुसायची, पान उलटायचं, शू लागली की घेऊन जायचं, फळी सरळ धरायची. हे मला येत होतं. शिकवणं मला येत नव्हतं. गणिताच्या बाई फळ्यावर प्रश्न लिहायच्या. साळुंकीला उत्तर यायचं, डोळ्यांत चमक दिसायची, हात निघायचा. तो पोहोचेपर्यंत बाई तिसऱ्या गणितावर गेलेल्या असायच्या. थांबा म्हणायचा मला धीर होत नसे. एकदा तिचं कौतुक व्हावं म्हणून मीच तिचं बोट धरलं आणि मला वाटलं त्या आकड्यावर टेकवलं. आकडा चुकीचा. वर्ग हसला. साळुंकीने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. बरोबरच केलं तिने. तिच्या तोंडात मी माझं उत्तर कोंबलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला एक कार्ड दिलं. निळी फीत, वर माझा फोटो, खाली छापलेलं, "शिक्षण मदतनीस". "दारावरचा गार्ड रोज अडवतो ना तुम्हाला, म्हणून," त्या म्हणाल्या. मी खूश झाले. कपडेघरात माझ्या छातीवर नुसता पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर आकडा. इथे माझा फोटो! मी फितीला इस्त्री केली. सुनेने कार्डासकट माझा फोटो काढून मोबाईलवर लावला. "बघा, सासूबाई नोकरीला लागल्या," ती शेजारणींना सांगायची. वकीलबाईंना सांगावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

शेवटची सुनावणी ठरली त्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. इमारतीची लिफ्ट बंद होती. मुलाने तिच्या दाराकडे असं पाहिलं की जणू सख्ख्या भावाने दगा दिला. मग त्याने आणि सुनेने साळुंकीला खुर्चीसकट उचलून जिना चढवला. वर दारात गार्ड होता. मी गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्याने बघितलं, मान डोलावली, आत सोडलं. मला वाटलं, कार्ड असलं की माणसाला किंमत येते.

खोली साधी होती. एक लांब टेबल, त्यामागे तीन माणसं. मधले अध्यक्ष, सतत खोकणारे. बाजूला एक टायपिस्ट मुलगी. वकीलबाई तासभर छान बोलल्या. तज्ज्ञाचा अहवाल वाचला, कायदा वाचला. अध्यक्ष मान हलवत होते. सुनेने माझा हात घट्ट धरला. हुकूम येणार असं आम्हाला वाटत होतं.

मग शाळेचा वकील उठला. त्याच्याकडे फारसे कागदही नव्हते.

"तक्रार अशी आहे की मुलीजवळ बसायला शाळेने कोणी दिलं नाही," तो म्हणाला. "पण शाळेने सत्राच्या सुरुवातीपासून मदतनीस नेमलेली आहे. त्या इथे हजर आहेत. शाळेचं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात आहे."

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात आपोआप कार्डावर गेला, पदराखाली लपवायला. उशीर झाला होता.

वकीलबाई ताडकन उठल्या. "त्या मुलीच्या आजी आहेत!"

"नातेवाइकाला नेमू नये असा नियम असेल तर दाखवा."

"त्यांचं प्रशिक्षण काय? पगार किती देता?"

"मानद आहेत त्या."

मी सुनेला हळूच विचारलं, "मानद म्हणजे काय गं?"

"फुकट," ती दात आवळून म्हणाली. "सन्मानाने फुकट."

अध्यक्ष खोकले. चष्मा काढून पुसला. "म्हणजे मुलगी वर्गात बसतेय, आणि तिला मदतनीसही आहे. मग आता ठरवायचं काय उरलं? तक्रार निकाली काढू या. खर्च ज्याचा त्याने सोसावा." ते टायपिस्टकडे वळले आणि सांगायला लागले. तिची बोटं चालू झाली.

माझा मुलगा खाली मान घालून बसला. सून माझ्याकडे बघतही नव्हती. आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी रोज लाळ पुसली, रोज तिला उचलून मोरीत नेलं, कमरेचा काटा ढिला झाला, ते सगळं ह्यांनी घडी घालून आपल्या कपाटात ठेवलं. माझ्या मायेची ह्यांनी नेमणूक केली. आणि त्याच नेमणुकीने माझ्या नातीच्या तोंडाला पानं पुसली!

कपडेघरात काम सोडायची एक रीत होती. कोणाशी भांडायचं नाही, अर्ज करायचा नाही. छातीवरचा बिल्ला काढायचा आणि मुकादमाच्या टेबलावर ठेवायचा. बिल्ला टेबलावर पडला की त्या क्षणापासून तुमची जागा रिकामी. मुकादमाने मग स्वतः चादरी पिळायच्या किंवा दुसरी बाई आणायची. आणि महिना भरला नसला तरी झालेल्या दिवसांचा पगार द्यायचा. बिल्ला दिला म्हणजे पगार दिला पाहिजे, हे त्या मुकादमालासुद्धा कळत होतं, आणि तो काही भला माणूस नव्हता.

मी उठले. फीत केसांत अडकली, ओढून काढली. टायपिस्ट मुलीच्या टेबलावर कार्ड ठेवलं, तिच्या बोटांच्या अगदी पुढे.

"मी काम सोडलं," मी म्हणाले.

तिची बोटं थांबली.

"आजी, खाली बसा," अध्यक्ष म्हणाले.

"बसते. तुम्ही मोठे आहात, बसा म्हणालात तर बसते. पण काम सोडलं. आता ह्या साहेबांना विचारा, त्यांची मदतनीस कुठे आहे."

"अहो, हे असं भावनेच्या भरात..." शाळेचा वकील हसत म्हणाला.

"भावना नाही. नोकरी सोडली. तुम्हीच म्हणालात ना मी नोकरीला होते? मग माझे झालेल्या दिवसांचे पैसे द्या. आणि नव्हते म्हणत असाल तर मघाशी जे बोललात ते खोटं होतं असं ह्या मुलीला टाइप करायला सांगा."

साळुंकीने मोठ्याने किंकाळी फोडली. आनंदाची का रागाची, मलाही कळलं नाही. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच.

वकीलबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की घरी असत्या तर लाटणं फेकून मारलं असतं. पण पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला. "शाळेने आत्ता मान्य केलं की मदतनीस देणं हे त्यांचं काम आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "ती जागा आत्ता, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, रिकामी झाली. तक्रार निकाली कशी काढणार?"

तिन्ही माणसं एकमेकांच्या कानाला लागली. शाळेच्या वकिलाने उत्तर द्यायला वेळ मागितला. अध्यक्षांनी टायपिस्टला आधीचं खोडायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली.

पुढची तारीख. म्हणजे पुढची फी.

बाहेर जिन्यात सुनेचा बांध फुटला. "तुम्हाला कार्ड घालून मिरवायचं होतं! इथे कशाला घालून आलात? इथे?"

"गार्ड अडवेल म्हणून गं."

"गार्डने अडवलं असतं तर बरं झालं असतं!"

"जाऊ दे ना," मुलगा म्हणाला. "मोबाईलवर फोटो कोणी लावला होता?"

तिने हातातला मोबाईल पिशवीत कोंबला. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मुसमुसायला लागली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. चूक माझी होती, तिची होती, सगळ्यांची होती. प्रेमाने केलेल्या कामाला कोणी असा खिळा मारून ठेवेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

वकीलबाई फायली छातीशी धरून उभ्या होत्या. "मला एक शब्द तरी आधी सांगायचात, आजी. आत्ता जे झालं ते चांगलं झालं की वाईट, मला अजून माहीत नाही. एवढं मात्र नक्की, उद्यापासून तुम्ही वर्गात पाऊल टाकायचं नाही. एक दिवस जरी बसलात तरी ते म्हणतील, बघा, मदतनीस परत आली."

"आणि पोरीची शाळा?"

त्यांनी घसरणाऱ्या फायली सावरल्या. मग म्हणाल्या, "फी मला सोडता येत नाही. तुमच्यासारखी बरीच घरं आहेत माझ्याकडे, आणि खोलीचं भाडं आहे. हप्त्याने द्या."

"देऊ," सून डोळे पुसत म्हणाली. "अजून एक मशीन आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकी नेहमीसारखी तयार झाली. दप्तर खुर्चीला अडकवलं. मी तिला शाळेपर्यंत ढकलत नेलं, सून सोबत होती. फाटकाशी आल्यावर मी थांबले. गार्ड म्हणाला, "आजी, कार्ड?"

"नाही रे बाबा. संपलं ते."

घंटा झाली. पोरं आत गेली. साळुंकी पुढे झुकली, खुर्ची हलावी म्हणून सगळं अंग फेकायला लागली. मग माझ्याकडे बघून ओरडली. रागाने. तिचा हात फळीवर गेला, भरकटला, परत आला. मी थांबले. बोट "हो"वर टेकलं. हो, हो, हो. आत चल. मी मान हलवली. तिने माझ्या हातावर फटका मारायचा प्रयत्न केला. तो खुर्चीच्या दांडीला लागला.

हे सगळं कोणी केलं? कायदा आमच्या बाजूने होता. तज्ज्ञ आमच्या बाजूने होता. आणि शाळेच्या फाटकाबाहेर माझी नात माझ्याच नावाने ओरडत होती.

आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या. पोरीची अवस्था बघून त्यांनी डोळे मोठे केले. "आजी, हे काय? लेकराला का रडवताय? कोर्टाचं कोर्टात राहू द्या. या आत, बसा तिच्याजवळ."

"कोण म्हणून येऊ?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"आजी म्हणून आले तर काल तुमचा वकील खोटं बोलला. मदतनीस म्हणून आले तर पगार सांगा. तुम्ही ठरवा, तुमच्या तोंडाने सांगा, मग येते."

"तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत. आम्ही तुमचा मानच केला होता."

"मान घरी आहे माझा," मी म्हणाले. "तुम्ही तिची बाई द्या."

मोठ्या बाई सुनेकडे वळल्या. "तुम्ही तरी समजवा. आई आहात ना तिच्या?"

सून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते, ते ती अंगठ्याने चोळत होती. "मी पण येऊ शकते आत," ती म्हणाली. "पण मग तुम्ही मला पण कार्ड द्याल."

मोठ्या बाई आत गेल्या. आम्ही फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. साळुंकी रडून रडून दमली होती, अधूनमधून हुंदका देत होती. तिची नजर दप्तरावर होती. पुस्तक काढून द्यावं, निदान चित्रं दाखवावीत, असं माझ्या हातांना सारखं वाटत होतं. हात दप्तराच्या पट्ट्यापर्यंत गेलाही. मी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसले. इथे बाकावर मी तिला एक अक्षर जरी दाखवलं असतं, तरी आतल्या खिडकीतून कोणीतरी फोटो काढला असता.

आतून गणिताच्या बाईंचा आवाज येत होता. त्या एक प्रश्न विचारत होत्या आणि मुलं ओरडून उत्तर देत होती. साळुंकीने मान वर केली. तिचा हात हळूहळू फळीवर निघाला, भरकटला, परत आला, एका आकड्यावर थांबला. तोपर्यंत वर्ग पुढे गेला होता. ते उत्तर बरोबर होतं का, मला माहीत नाही. विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने मोठ्या बाई पुन्हा दारात दिसल्या. कानाला फोन होता. आमच्याकडे बघत हळू आवाजात बोलत होत्या, मग अचानक मोठ्याने म्हणाल्या, "नाही हो, त्या आत येतच नाहीयेत! बाहेर बसल्यात!"

"त्यांचा वकील असणार," सून म्हणाली. "बरं झालं. आज त्यांचं पण मीटर चालू झालं."

"ते मीटर पण आपण शाळेला भरलेल्या फीवरच चालतं गं," मी म्हणाले.

ती कडू हसली. साळुंकीने खुर्चीतून आम्हा दोघींकडे पाहिलं. ती अजून माझ्यावर रागावलेली होती. रागावू दे. मी पदराने तिची लाळ पुसली. मला तेवढं येतं, आणि त्याचं कार्ड लागत नाही. मग बाकावर पाठ टेकून, फाटकाकडे तोंड करून, पक्की मांडी घालून बसले.